दारातून हाक मारायचं नाव

इंदूरच्या रामबागेत माझी बहीण राहते. तिच्याकडे मागे एक गावठी पिल्लू आलं. काळंभोर, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. दीड महिन्याचं झालं तेव्हा पहिली लस टोचायला नेलं. दवाखान्यातल्या मुलीनं कार्ड पुढे ओढलं आणि विचारलं, "नाम क्या लिखूँ?" याच प्रश्नावर घरात आठ दिवस वाद चालू होता. भाचीला ‘मल्हार’ हवं होतं आणि तिची आजी ते ऐकूनही घेत नव्हती. "दारात उभं राहून ‘मल्हार, हो बाहेर’ असं ओरडायचं? आणि तेही इंदुरात?" त्या दिवशी कार्डावरची नावाची जागा कोरीच राहिली.

आजींचं म्हणणं समजायला होळकरांकडे जावं लागतं. घराण्याचे संस्थापक मल्हारराव (1693–1766) यांचं नाव मल्हारी म्हणजे खंडोबाचं. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडलेले त्यांचे पुत्र खंडेराव, तेही नाव खंडोबाचंच. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, शहरात मल्हारगंज आहे. इथल्या मराठी घरात ‘मल्हार’ म्हटलं की देव्हारा आणि गादी दोन्ही डोळ्यांपुढे येतात. शिवाय अलीकडे हे नाव मुलांनाही आवडीनं ठेवतात. बहिणीच्या गल्लीतच एक मल्हार आहे, तिसरीत शिकणारा. कुत्र्याला हाक मारली की त्यानं वळून पाहायचं, हे कुणालाच बरं वाटलं नसतं.

पण याच खंडोबाच्या तसबिरीत घोड्याच्या पायांशी कुत्रा असतो. चंपाषष्ठीला आमच्याकडे भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला पहिला घास दारातल्या कुत्र्याला जातो. ‘वाघ्या’ हे आज ठरलेलं कुत्र्याचं नाव आहे, ते मात्र मुळात माणसांचं. नवसानं खंडोबाला वाहिलेला मुलगा तो वाघ्या आणि मुलगी ती मुरळी. हे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानत. जत्रेत ते कुत्र्यासारखे भुंकत आणि जमिनीवर ठेवलेल्या कोटंब्याला, म्हणजे भिक्षेच्या पात्राला, तोंड लावून खात. मालकाच्या दारात पडून राहायचं आणि त्याच्या हातचंच खायचं, ही त्यांची भक्ती. तेव्हा खंडोबाच्या परंपरेत कुत्रा होणं हा कमीपणा नव्हता. मेंढरांमागे कुत्रा घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांचा तो देव, आणि होळकर धनगरच.

साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याचं नाव ‘खंड्या’. शिकारीत वाघ अंगावर येत असताना या कुत्र्यानं भुंकून महाराजांना सावध केलं, अशी कथा आहे. महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात. खंड्या हे खंडोबाच्याच नावाचं घरगुती रूप. म्हणजे खुद्द छत्रपतींच्या वाड्यात देवाचं नाव कुत्र्याला होतं, फक्त त्याला ‘-या’ लागला होता. हा ‘-या’ फार महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. खंडेराव म्हटलं की माणूस उभा राहतो, खंडोबा म्हटलं की हात जोडले जातात आणि खंड्या म्हटलं की कुणीतरी शेपूट हलवत येतं.

रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना ठाऊक असतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या समाधीसमोरचं ते स्मारक 1936 सालचं. त्याच्या खर्चाला इंदूरच्या होळकरांनी हातभार लावला होता. शिवकाळातल्या कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख सापडत नाही. ती कथा घरोघरी पोचली ती गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकानं. 2011 साली पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला, वाद अजून मिटलेला नाही. नावांच्या इतिहासापुरतं एवढंच महत्त्वाचं की विसाव्या शतकात निष्ठावंत कुत्र्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मराठी मनाला ‘वाघ्या’च सुचलं.

याच्याही मागे गेलं तर ऋग्वेदातली सरमा भेटते. पणींनी दडवलेल्या गाई शोधायला इंद्रानं पाठवलेली ही कुत्री पणींच्या लाचेला भुलत नाही. तिची पिल्लं ती सारमेय. यमाच्या दारातले दोन कुत्रे श्याम आणि शबल, म्हणजे काळा आणि ठिपक्यांचा. श्वानबलीच्या, म्हणजे कुत्र्यासाठी काढून ठेवायच्या घासाच्या, मंत्रात आजही हीच नावं येतात. त्यानंतर मात्र आपल्या गोष्टींतल्या कुत्र्यांना नावंच नाहीत. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेला कुत्रा बिननावाचा आहे. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले, तोही. दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो, पण त्यांतल्या एकाला हाक मारायची तर कुठलं नाव घ्यायचं?

गावात मात्र हाक मारायला नाव लागतंच, आणि तिथं श्याम-शबलाचीच रीत चालू राहिली. रंग पाहायचा, नाव ठेवायचं. काळ्या, लाल्या, भुऱ्या, चित्र्या, फार लाडका असला तर मोत्या. कुणी याला कल्पनेचं दारिद्र्य म्हणेल. मला ते पटत नाही. ही नावं लांबून हाक मारण्यासाठी घडलेली आहेत. दोनच अक्षरं, आणि शेवटचा ‘आ’ हवा तेवढा ओढता येतो. ‘काळ्याऽऽऽ’ ही हाक शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाते. ‘मल्हार’ ओढून पाहा, शेवटचा ‘र’ तोंडातच विरतो. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीक लेखक झेनोफननं शिकारी कुत्र्यांसाठी 47 नावांची यादी दिली, तीही हाक मारायला सोपी म्हणून आखूडच नावं ठेवा असं सांगून.

इंदुरात या नावांना हिंदी जोडीदार मिळाले. आमच्या लहानपणी गल्लीतला एकच कुत्रा आमच्या दारात काळ्या होता आणि समोरच्यांच्या दारात कालू. दोन्ही हाकांना तो यायचा, पोळी आणि रोटी दोन्ही खायचा. सरमा हे सुंदर नाव मात्र इथे चालत नाही. एका मैत्रिणीनं कुत्रीला ते ठेवलं होतं, पण शेजारी शर्मा राहायचे. चार दिवसांत ती लाली झाली.

इंग्रजी नावं छावणीतून आली असावीत. 1818 च्या मंदसौर तहानंतर इंदूरजवळ महूला इंग्रजांची छावणी पडली आणि 1854 पासून मध्य भारत एजन्सीचा कारभार इंदूरहूनच चालू लागला. गोऱ्या शिपायाला त्यांचे लोक ‘टॉमी’ म्हणत. आपल्या घराघरांतल्या टॉमीचा धागा तिथवर पोचतो, असा माझा अंदाज आहे. टायगर तर इंग्रजी वेषातला वाघ्याच.

आता कुत्रा ओसरीवरून पलंगावर आला आहे, त्यामुळे रंगाच्या नावानं हाक मारणं लोकांना परकं वाटतं आणि मुलांची नावं त्याला मिळतात. भाचीचा ‘मल्हार’ त्या मायेतूनच आला होता. आजींना ती माया कळत नव्हती असं नाही. पिल्लाला दुधात पोळी कुस्करून घालणाऱ्या त्याच होत्या.

शेवटी भाचीनं देव्हाऱ्यातली खंडोबाची तसबीर उतरवून आजींच्या मांडीवर ठेवली. घोड्याखालच्या कुत्र्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ह्याला देव काय म्हणून हाक मारत असेल?" आजींनी पदरानं काच पुसली. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "खंड्या म्हण. महाराजांच्या कुत्र्याचं होतं, आपल्यालाही चालेल." भाचीनं पिल्लाला मांडीवर घेतलं, बारशाला आत्या करते तसं त्याच्या कानात ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं.

पुढच्या लशीच्या वेळी कार्डावरची जागा भरली. दवाखान्यातल्या मुलीनं ऐकलं तसं लिहिलं, ‘खंडिया’. बहीण दुरुस्त करायला सांगणार होती, तेवढ्यात टेबलाखालून पिल्लू निसटलं आणि दाराकडे पळालं. बाहेर रिक्षात बसलेल्या आजींनी हाक मारली, "खंड्याऽऽऽ", आणि ते थेट त्यांच्या पायांशी जाऊन बसलं.