मोजपट्टी बडोद्याची: बौद्धिक दिव्यांगतेच्या चाचण्यांची पार्श्वभूमी

फाईल घेऊन आलेले आईबाबा पहिलं विचारतात ते हेच, "आयक्यू किती आला?" तो आकडा ज्या चाचण्यांतून निघतो, त्यांच्या इतिहासात धारवाड, नागपूर आणि बडोदा ही तीन गावं चुकवता येत नाहीत.

सुरुवात मात्र पॅरिसची. १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी चाचणी रचली. १९१६मध्ये टर्मनने तिची अमेरिकी आवृत्ती काढली आणि तिच्यावरून व्ही. व्ही. कामतांनी धारवाडला मराठी व कानडी मुलांसाठी चाचणी बेतली. त्यांचं पुस्तक १९४०चं. बिने-कामत आजही वापरात आहे. हिशेब सोपा: खालच्या वयांसाठी दर वर्षाला सहा प्रश्न, प्रत्येकाचे दोन महिने. आठ वर्षांच्या मुलाने चौथ्या वर्षाचे सगळे सोडवले, पाचव्याचे तीन, सहाव्याचा एक, तर मानसिक वय ४ वर्षं ८ महिने. मानसिक वयाचे ५६ महिने भागिले खऱ्या वयाचे ९६, गुणिले शंभर: बुद्ध्यांक, म्हणजे आयक्यू, ५८. अडचण प्रमाणकांची, म्हणजे ज्यांच्याशी मुलाची तुलना होते त्या ठरावीक आकड्यांची, आहे. ती त्या काळच्या मुलांवर बसवलेली, आणि जुन्या प्रमाणकांवर नव्या पिढीचे गुण फुगतात. सौम्य अक्षमता असलेलं मूल त्यात सहज निसटतं.

नागपूरचं योगदान मॅलिन यांचं. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीचं भारतीय रूप त्यांनी १९६९मध्ये आणलं. रोजची कामं मूल किती आपणहून करतं हे मोजणाऱ्या, डॉल यांच्या १९३५च्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीचं भारतीय रूपही त्यांचंच: ८९ बाबी, जन्मापासून १५ वर्षांपर्यंत.

बडोद्याचं काम अगदी तान्ह्यांवरचं, आणि आमच्या मते सगळ्यांत टिकाऊ. नॅन्सी बेली यांच्या बाळांचा विकास मोजणाऱ्या अमेरिकी मापनीवरून प्रमिला फाटक यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात इथल्या बाळांची प्रमाणकं बसवली. १९७०मध्ये ती प्रसिद्ध झाली. हीच 'बडोदा प्रमाणकं'. ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठीच्या या मापनीत ६७ बाबी हालचालींच्या आणि १६३ मानसिक विकासाच्या. १९९७ साली तिची सुधारित आवृत्ती आली. त्याआधी १९९१मध्ये तिच्यातल्या ५४ बाबी निवडून बडोदा विकास चाळणी चाचणी झाली होती. तिरुवनंतपुरमला तयार झालेला १७ बाबींचा चाळणी तक्ताही याच प्रमाणकांवर उभा आहे. त्यात प्रत्येक बाबीची आडवी पट्टी असते: डावं टोक म्हणजे ३ टक्के बाळांना जमण्याचं वय, उजवं टोक ९७ टक्क्यांचं. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडे पूर्ण संपलेल्या पट्टीतली गोष्ट जमत नसेल, तर पुढची तपासणी. चाळणी म्हणजे पुढे कोणाला तपासायचं ते निवडणं, निदान नव्हे. आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर तेवढे आठवडे वजा करायचे. हे विसरलं की निरोगी बाळही मागे दिसतं.

कायदा सावकाश आला. १९१२च्या वेडेपणाच्या कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार एकाच शब्दात कोंबलेले होते. १९८७च्या कायद्याने त्यांना वेगळं केलं. १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात 'मतिमंदत्व' होतं, स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती. ती १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली आणि २०१६च्या कायद्यातल्या दिव्यांगतेच्या २१ प्रकारांत पक्की झाली. स्वमग्नतेची भारतीय मापनी ४० बाबींची. गुण ७०च्या खाली तर स्वमग्नता नाही, १५३च्या वर तर तीव्र.

२०१८च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक दिव्यांगतेची टक्केवारी व्हाइनलँडच्या गुणांवर बांधली: ५५ ते ६९ गुण म्हणजे ५० टक्के दिव्यांगता, ७० ते ८४ म्हणजे २५. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, त्यामुळे ६९ आणि ७० यांच्यात सगळं घर अडकतं. आणि ही मापनी मुलाला काही करायला लावत नाही, आईला विचारते.

"शर्टाची बटणं लावतो?"
"लावतो ना."
"आज कोणी लावली?"
"आज रिक्षा चुकली असती, मीच लावली."
"काल?"
"कालही मीच."

असं खोदल्याशिवाय गुण देऊ नयेत. नेहमी आपणहून करतो त्याचा पूर्ण गुण, अधूनमधून जमतं त्याचा अर्धा. येत असूनही करू दिलं जात नाही, हे वेगळं नोंदवायचं. कौतुकाने वाढवलेला आणि काळजीने कमी केलेला, दोन्ही आकडे मुलाला महागात पडतात.

उलटा धोका सेगँच्या लाकडी पाटाचा. दहा लाकडी आकार आपापल्या खाचांत बसवायचे, तीन फेऱ्या, सर्वांत कमी वेळ धरायचा. स्वमग्न मूल कधीकधी तो झपाट्याने लावतं. तेवढ्यावरून बुद्ध्यांक लिहिला तर बोलण्यातली अडचण झाकली जाते.

बडोद्यातल्या मराठी घरांत भाषेचा प्रश्न रोजचा. घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत बहुतेक इंग्रजी. चिमणीचं चित्र दाखवलं आणि मूल "चकली" म्हणालं, तर ते चूक धरायचं नाही: गुजरातीत चिमणीला चकलीच म्हणतात. चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि मूल कोणत्या भाषेत बोललं, हे अहवालात पहिल्या पानावर यावं. पाच, दहा आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते, तेव्हा पुढच्या तपासनिसाला आधीच्या आकड्यासोबत हीच ओळ लागते.