वेतनस्तर

सरकारी पदाच्या मूळ वेतनाची पायरी म्हणजे वेतनस्तर. केंद्र सरकारच्या नागरी सेवेत १ जानेवारी २०१६ पासून त्यासाठी एकच तक्ता आहे. आडवे स्तर, उभे टप्पे. एकाच पदावर राहिले तर वर्षाला सुमारे ३ टक्क्यांची वेतनवाढ मिळून माणूस एक घर खाली सरकतो, पदोन्नती झाली की शेजारच्या रांगेत जातो. स्तर १ ते १८ असले तरी मध्येच एक १३-अ आहे. जुन्या ८,९०० ग्रेड पेला (वेतनात मिळवली जाणारी, पदाचा दर्जा दाखवणारी रक्कम) वेगळी जागा द्यावी लागल्याची ही खूण. महाराष्ट्राचा तक्ता वेगळा असून त्यात एस-१ ते एस-३१ असे स्तर आहेत. गट अ, ब, क, ड ही पदांची विभागणी मात्र स्वतंत्र आहे. केंद्राने सहाव्या वेतन आयोगानंतर गट ड काढून टाकला, राज्यात तो टिकला.

तक्त्याची फेरमांडणी साधारण दहा वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून होते. आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. ती सचिवांच्या समितीकडून मंत्रिमंडळापुढे जाते आणि शेवटी संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खालील नियमांच्या रूपाने लागू होते. पहिल्या आयोगाने १९४७ मध्ये किमान वेतन ५५ रुपये ठरवले होते. सातव्याने ते १८,००० केले. हा आकडा आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारसूत्रावर बेतलेला आहे. कमावता १, जोडीदार ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६ असे मिळून तीन उपभोग-एकके धरून अन्न, कापड, घरभाडे, इंधन यांचा खर्च मोजला गेला.

श्रेण्यांची संख्या हा आयोगांचा जुना डोकेदुखीचा विषय. पाचव्या आयोगाने ५१ वेतनश्रेण्या ३४ वर आणल्या. सहाव्याने चार वेतनबँड (रुंद वेतनपट्टे) आणि ग्रेड पे आणला, सातव्याने तो पुन्हा मोडला. तरी कार्यालयात अजून कुणाची पत सांगायची तर ‘चोपन्नशे ग्रेड पे’ असेच म्हणतात.

जुन्या वेतनातून नव्यात जाण्याला वेतननिश्चिती म्हणतात. समजा वेतन ८,२०० आणि ग्रेड पे १,८०० होता. बेरीज १०,००० गुणिले २.५७ (सातव्या आयोगाचा गुणक) म्हणजे २५,७००. स्तर १ मध्ये हा आकडा नाही. २५,६०० नंतर थेट २६,४०० येतो. अशा वेळी वरचे घर मिळते, म्हणून नवे मूळ वेतन २६,४००.

सगळ्यांचे वेतन एकदम वाढवण्यापेक्षा एखाद्या संवर्गाचा स्तर बदलून घेणे फार चिवट काम आहे. विभागाला प्रस्ताव करून कर्तव्ये, शैक्षणिक अर्हता, सरळसेवा की पदोन्नती, इतर खात्यांतील तुल्य पदे हे सारे मांडावे लागते. वित्त विभागाची धास्ती खर्चापेक्षा साखळीची असते: लिपिकाला दिले की भांडारपाल मागतो, त्याला दिले की तिसरा. केंद्रात या तक्रारींसाठी विसंगती समिती असते, महाराष्ट्रात वेतनत्रुटी निवारण समिती नेमली जाते. राज्यातील सातवा वेतन आयोग के. पी. बक्षी समितीच्या शिफारशींवरून आला. प्रत्यक्ष लाभ १ जानेवारी २०१९ पासून मिळाला आणि मागील तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत दिली गेली.

पदोन्नतीची जागाच नसेल तर केंद्रात १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर पुढचा स्तर दिला जातो. पदनाम, खुर्ची, टेबलावरच्या फायली त्याच राहतात.

महाराष्ट्रात वेतननिश्चिती सेवापुस्तकात नोंदवून वेतन पडताळणी पथकाकडे जाते. तपासणी कधी कधी निवृत्तीच्या तोंडावर होते आणि कार्यालयाच्या चुकीने जादा दिलेली रक्कम परत मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गट क आणि ड मधील कर्मचारी, तसेच वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करू नये असे ठरवले.