विल्यम्स म्हणजे विल्यमसन नव्हे

‘विल्यमसन’ हे इंग्रजी आडनाव समजावून सांगायची गरज नाही. सन म्हणजे मुलगा. विल्यमचा मुलगा तो विल्यमसन. रॉबर्टच्या लाडक्या रूपांवरून रॉबसन, हॉबसन, डॉबसन. रॉजरच्या ‘हॉज’वरून हॉजसन. मेगसनमध्ये तर बापाऐवजी आई आहे, मेग म्हणजे मार्गारेट. ही आडनावं मुख्यतः उत्तर इंग्लंडची आणि स्कॉटलंडच्या सखल भागाची. फक्त ‘सन दिसलं की पूर्वज व्हायकिंग’ (म्हणजे नॉर्मन स्वारीआधी स्कँडिनेव्हियातून आलेले दर्यावर्दी) हे पालुपद आता पुरे. मुलगा या अर्थाचा हा शब्द जुन्या इंग्रजीतही होता. ही आडनावं दप्तरांत भरघोस दिसतात ती चौदाव्या शतकात, आणि ‘विल्यम’ हे नाव तर इंग्लंडमध्ये रुजलं तेच १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर!

खरा घोळ होतो तो विल्यम्सच्या शेवटच्या ‘स्’पाशी. तो ‘सन’चा संक्षेप नाही आणि अनेकवचन तर नाहीच नाही. तो षष्ठीचा प्रत्यय आहे, आपल्या चा-ची-चेसारखा. विल्यम्स म्हणजे नुसतं ‘विल्यमचा’. विल्यमचा कोण, ते आडनाव सांगत नाही. बहुतेकदा मुलगाच, पण घरगडीही असू शकतो, आणि बाईच्या नावापुढे असेल तर विल्यमची बायको किंवा विधवा. पार्सन्स बघा. पार्सन म्हणजे गावचा पाद्री, आणि मध्ययुगात पाद्र्यांना लग्नाची बंदी. म्हणून पार्सन्स हा बहुधा पाद्र्याच्या घरी राबणारा माणूस. ही ‘स्’वाली आडनावं दक्षिण इंग्लंड आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, जास्त. (वुड्स, ब्रुक्स ही वेगळी जात, तिथे राना-ओढ्याजवळचं घर असतं.)

त्यात वेल्सची भर. तिथे ‘अप’ म्हणजे पुत्र, आणि त्यापुढे बापाचं नाव, म्हणून ते दर पिढीला बदलायचं. कायमची आडनावं सोळाव्या शतकापासून हळूहळू रुळली, काही भागांत तर एकोणिसाव्यापर्यंत जुनीच रीत चालली. काही ठिकाणी ‘अप’ नावालाच चिकटला: अप रीसचा प्राइस, अप हाउएलचा पॉवेल. बाकीच्यांना इंग्रजी वळणाचा ‘स्’ लागला आणि जोन्स, डेव्हिस, एव्हान्स, विल्यम्स यांचा सुकाळ झाला. १७०६ साली वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराला ‘पाय’ हे चिन्ह देणारा गणिती विल्यम जोन्स वेल्सच्या अँगलसी बेटावरचा. त्याच्या वडिलांचं नाव शोन, इंग्रजीत जॉन; म्हणून तो जोन्स. कलकत्त्यात १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढणारे संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स हे त्याचेच चिरंजीव. तेव्हा दोन जोन्स घराणी एकाच गावात सापडली तरी ती भाऊबंद धरू नका. दोन्हीकडे कुणीतरी जॉन होता, एवढंच ठरतं.

वंशावळ मांडणाऱ्यांची नेहमीची चूक लॅटिन दप्तरात होते. ‘योहानेस फिलिउस विल्येल्मी’ दिसलं की लगेच ‘जॉन विल्यमसन’ असं उतरवतात. पण कारकून फक्त ‘विल्यमचा मुलगा जॉन’ असं लिहीत होता. गावात त्याला विल्यम्स म्हणत, विल्यमसन म्हणत की जॉन लोहार, हे त्या ओळीतून कळत नाही. टिपणात मूळ ओळ जशीच्या तशी ठेवा आणि आडनावाचा रकाना कोरा सोडा. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांत पुष्कळदा बोलीतलं आडनावच नोंदलेलं असतं, ते आधी शोधा. चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदवह्या १५३८ नंतरच्या, त्या पुढच्या पिढ्यांसाठी.