आधी भुवया बघा! चकित चेहरा आणि घाबरलेला चेहरा एकच नाहीत

कुठलंही कॉमिक उघडा, भुताच्या गोष्टीचं चित्र बघा नाहीतर एखादी हौशी शॉर्टफिल्म लावा, पात्र घाबरलंय हे दाखवायचं म्हणजे डोळे गोल, तोंड गोल, भुवया पार कपाळात, की झालं काम. पण तो चेहरा घाबरलेला नसतोच हो, चकित झालेला असतो! काढणाऱ्यालाही कुठेतरी जाणवतं की काहीतरी कमी पडतंय, मग घामाचे थेंब येतात, केस ताठ उभे राहतात, भोवती थरथरत्या रेषा येतात. मला त्या थेंबांचा मनापासून राग येतो, कारण भुवया नीट काढल्या असत्या तर त्यांची गरजच पडली नसती.

आश्चर्याचा चेहरा सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पटकन उरकते. भुवया कमानीसारख्या वर, कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या आठ्या, वरची पापणी उचललेली, जबडा सुटून खाली आलेला. कुठेही ताण नाही, तेवढं फक्त लक्षात ठेवा.

आता भीती. भीतीतही भुवया वरच जातात आणि सगळा घोळ इथेच होतो. कपाळाचा स्नायू भुवयांना वर ओढत असतो आणि त्याच वेळी दोन भुवयांमधला स्नायू, म्हणजे राग आल्यावर जो मध्ये आठी पाडतो तोच, त्यांना आत आणि खाली खेचत असतो. दोघंही एकदम जोर लावतात त्यामुळे कमान मोडते, भुवई वर असूनही जवळजवळ सरळ होते, दोन्हींची आतली टोकं एकमेकींजवळ येतात आणि आठ्या कपाळभर न पसरता मधल्या भागात जास्त गोळा होतात. चित्रात हा फरक दोन-तीन रेषांचा आहे, पण त्या रेषा नसतील तर बाकी चेहरा कितीही मेहनतीने रंगवा, बघणाऱ्याला वाटणार की याला कुणीतरी सरप्राइज पार्टी दिलीये.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना नंबर देणारी एक पद्धत काढली, फॅक्स (FACS) नावाची, ॲनिमेशनवाले आजही ती वापरतात. त्यात आश्चर्याचा नेहमीचा चेहरा म्हणजे 1 आणि 2 (भुवयांची आतली आणि बाहेरची टोकं वर), 5 (वरची पापणी वर) आणि 26 (जबडा खाली), आणि भीतीचा म्हणजे 1, 2, 4, 5, 20 आणि 26, बऱ्याचदा सोबत 7. म्हणजे आश्चर्यातलं सगळंच्या सगळं भीतीत आहे! वरून आलेत ते 4, म्हणजे भुवया आत-खाली खेचणं, 20, म्हणजे ओठांचे कोपरे आडवे कानांकडे ताणले जाणं, आणि 7, पापण्या आवळणं. गोल तोंड काढून भीती का दिसत नाही ते यावरून कळेल, भीतीचं तोंड उघडं असलं तरी आडवं ताणलेलं असतं, कधीकधी गळ्याच्या शिराही वर येतात.

भुवयांबद्दल अजून एक, कारण ही चूक चांगले चांगले आर्टिस्ट करतात. आत ओढायच्या म्हटल्यावर फक्त आतली टोकं वर करून भुवया घराच्या छपरासारख्या तिरक्या काढतात. ते दुःख झालं. भीतीत बाहेरची टोकंही वर असतात, ती खाली पाडलीत की पात्र रडवेलं दिसणार. दुःखाचे डोळे विस्फारलेले नसतात, त्यामुळे तिरक्या भुवया आणि मोठे डोळे एकत्र आले की चेहरा दयेची याचना करतोय असं वाटतं, तेच हवं असेल तर ठीक, नाहीतर बाहेरची टोकं उचला.

डोळ्यांचं थोडक्यात. दोन्हीत बुबुळाच्या वर पांढरं दिसतं. आश्चर्यात खालची पापणी सैल असते, भीतीत ती ताणून किंचित वर येते. ज्या स्टाइलमध्ये डोळा म्हणजे एक वर्तुळ आणि मध्ये ठिपका, तिथे खालची पापणीच नसते, त्यामुळे सगळा भार भुवयांवर येतो.

हा घोळ फक्त चित्रकारांचा आहे असं नाही. एकमन आणि फ्रीझन यांनी न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवून, गोष्टीला जुळणारा चेहरा निवडायला सांगितला होता, 1971 मध्ये ते छापून आलं, त्यात बाकीच्या भावना वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या पण भीतीचा चेहरा आश्चर्यापासून काही वेगळा काढता आला नाही. 2014 मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी हलत्या चेहऱ्यांवर काम करून दाखवलं की सुरुवातीच्या क्षणांत भीती आणि आश्चर्य दोन्हीत डोळे मोठे होणं सारखंच असतं, वेगळेपण नंतर येतं. म्हणूनच सिनेमाची फ्रेम थांबवून त्यावरून चित्र काढू नका असं मी सगळ्यांना सांगते. सेकंदाला 24 फ्रेम पळतात, तुम्ही थांबवता ती नेमकी डोळे मोठे झाल्याची, सगळ्यात नाट्यमय वाटणारी, आणि तिच्यात भीती अजून पुरती आलेलीच नसते. थोडं पुढे जा, भुवया आवळल्यात आणि ओठ ताणलेत ती फ्रेम घ्या.

सिनेमात खपून जातं त्याचं कारण वेगळंय. शॉट एकटा येत नाही, आधी दार करकरतं, नंतर सावली दिसते, संगीत असतं. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने नट इव्हान मोझुखिनचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉट्सना जोडला आणि लोकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, हे आता प्रत्येक फिल्म स्कूलमध्ये शिकवतात. त्यामुळे नटाने आश्चर्याचा चेहरा केला तरी एडिटर त्याची भीती करून देतो. आणि नट बऱ्याचदा आश्चर्याचाच करतात, कारण भुवया वर नेऊन त्याच वेळी आत खेचणं मुद्दाम ठरवून फार थोड्यांना जमतं, आरशासमोर करून बघा. चांगला नट म्हणूनच भुवयांच्या मागे लागत नाही, श्वास अडकवतो, मान आखडतो, आणि मग चेहरा आपोआप येतो.

हे सगळं भीती दाखवण्याबद्दल आहे बरं का, खरा घाबरलेला माणूस असाच चेहरा करेल याची गॅरंटी नाही, कित्येक जण नुसते थिजतात. आणि दचकणं हे तिसरंच, त्यात पहिल्या झटक्याला डोळे घट्ट मिटतात, त्यामुळे धाडकन आवाजावर डोळे विस्फारलेलं पात्र बघितलं की मला ते खोटंच वाटतं.

इमोजींचं उदाहरण घ्या. घाबरलेल्या चेहऱ्याच्या इमोजीला बहुतेक फोनवर निळसर कपाळ दिलेलं असतं, कारण एवढ्याशा आकारात भुवयांच्या रेषा पुरेशा दिसत नाहीत, रंगाची मदत घ्यावीच लागते. पण पानभर मोठ्या चित्रात निळं कपाळ आणि घामाचे थेंब कशाला? तिथे भुवईला भरपूर जागा असते. पात्राच्या कपाळावर केस आले असतील आणि भुवया झाकल्याच जात असतील, तर केस बाजूला करा, वाऱ्याने उडवा, काहीही करा. तेही जमत नसेल तर खालची पापणी ताणा आणि ओठांचे कोपरे आडवे ओढा, दोन्ही एकत्र, कारण नुसतं ताणलेलं तोंड अवघडलेल्या हसण्यासारखंही दिसू शकतं.