माळवद, स्लॅब आणि भिंतीचा आकडा

मे महिन्यात लातूर-परभणीकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा जुना वाडा गार आणि स्लॅबचं घर तापलेलं, हे कुणीही सांगतं. हा फरक आकड्यात मांडायची पद्धत मात्र थंड देशांतून आली.

फ्रान्सच्या जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतावहनाचं गणित मांडलं. पदार्थाची उष्णतावाहकता मोजायचं भरवशाचं यंत्र घडायला विसावं शतक उजाडलं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९१२ च्या सुमारास या कामाला आकार आला. मधोमध तापणारी तबकडी, दोन्ही बाजूंना एकाच पदार्थाचे दोन नमुने, त्यापलीकडे थंड तबकड्या. उष्णता कडेनं निसटू नये म्हणून तबकडीभोवती तेवढंच तापवलेलं रक्षक कडं. किती वॅट वीज लागली, यावरून वाहकता कळते. भारतीय मानक आयएस ३३४६ याच पद्धतीचं आहे. वाहकता आणि जाडी यांवरून भिंतीचं यू-मूल्य निघतं, म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात ते. जितकं कमी, तितकं बरं.

आता हे गणित आपल्याकडे लावून पाहा. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचं यू-मूल्य साधारण २ येतं. पाऊण मीटर जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंतीचं दीडच्या थोडं वर. एवढ्याशा फरकानं वाडा गार राहत असेल, हे पटत नाही. आणि तसं नसतंही. युरोपच्या हिवाळ्यात उष्णता दिवसचे दिवस आतून बाहेरच जाते, म्हणून तिथे हा आकडा पुरतो. इथे ती दुपारी आत शिरते आणि रात्री उलटी फिरते. दुपारचा ताप जाड दगड ओलांडून आत पोचायला बारा तासांहून अधिक घेतो, तोवर बाहेर हवा उतरलेली असते. चार-पाच इंची स्लॅबला त्यासाठी तीन-चार तास पुरतात. उभी भिंत जाग्यावरच मोजण्याच्या आयएसओ ९८६९ (१९९४) या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीतही हीच अडचण येते. भिंतीवर उष्णताप्रवाहाची चकती लावून किमान तीन दिवस नोंदी घ्यायच्या आणि सरासरी प्रवाहाला सरासरी तापमानफरकानं भागायचं. आपल्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या घरात आतबाहेरची सरासरी जवळजवळ सारखी, मग भागायचं कशानं?

रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतल्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणूनच आयएस ३७९२ आणि १९८७ च्या एसपी ४१ या पुस्तिकेत यू-मूल्याच्या जोडीला बाहेरच्या तापमानाचा दिवस-रात्रीचा चढउतार भिंत आत येईपर्यंत किती कमी करते, याचंही माप आहे. दुर्दैवानं बांधकामाच्या रोजच्या व्यवहारात ते फारसं उतरलं नाही.

मराठवाड्यात त्याला आणखी एक कारण आहे, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि पांढऱ्या मातीच्या जड माळवदाखाली. पुनर्वसनात काँक्रीट आलं आणि ते रास्तच होतं. घराचा गारवा देणारं वजनच जीवघेणं ठरल्यावर त्याची बाजू घ्यायला कोण धजणार?

घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारनं आणलेल्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताच्या यू-मूल्याची मर्यादा १.२ आहे. भिंतींच्या सूत्रात जडपणासाठी, म्हणजे ताप धरून उशिरा सोडण्याच्या गुणासाठी, वेगळं पद नाही, ही उणीव माझ्या मते मोठी आहे. छताचा नियम मात्र इथल्या घरांना सरळ लागू पडतो. उघड्या स्लॅबचं यू-मूल्य साडेतीनच्या आसपास असतं. वर इंचभर थर्माकोल टाकून त्यावर वॉटरप्रूफिंग आणि फरशी केली की ते एकच्या जवळ येतं, आणि छतावर वजनही माळवदाच्या मानानं थोडंच वाढतं.