पार्श्वभूमी : ऑरगॅनिक सोलर सेलमधल्या थराची घडण

1986 साली दोन सेंद्रिय थर एकावर एक चढवून सुमारे 1 टक्का कार्यक्षमता मिळाली. 1995 मध्ये पॉलिमर आणि फुलरीन (कार्बनचे पोकळ गोळ्यासारखे रेणू) एकाच द्रावणात मिसळून थर देण्याची पद्धत आली. प्रकाश शोषल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन आणि छिद्राची जोडी म्हणजे एक्सायटॉन; ती दोन पदार्थांच्या सीमेवर पोचली तरच फुटून वीज मिळते. तिची धाव जेमतेम 10 नॅनोमीटरची, म्हणून दोन्ही पदार्थ एकमेकांत बारीक गुंतलेले हवेत. पण हा गुंता थर वाळता वाळता आपोआप होतो, आणि तिथेच सगळी अडचण आहे.

2001 मध्ये पदार्थ तेच ठेवून नुसता द्रावक बदलला. टोल्युइनच्या जागी क्लोरोबेंझिन येताच कार्यक्षमता 0.9 वरून 2.5 टक्क्यांवर गेली, कारण टोल्युइनमध्ये फुलरीनचे मोठाले पुंजके होत होते. मग पीथ्रीएचटी या पॉलिमरचा काळ आला. काचेवरचा ओला थर नारिंगी दिसतो. पेट्री डिश झाकून सावकाश वाळू दिला, तर डोळ्यांदेखत गडद जांभळट होतो. पॉलिमरच्या साखळ्या ओळीने लागल्याची ती खूण. 2005 पर्यंत सावकाश वाळवून किंवा 150 अंशांवर तापवून 4 ते 5 टक्के मिळू लागले.

पुढच्या कित्येक पॉलिमरना मात्र तापवण्याचा उपयोग होईना. तेव्हा ‘ॲडिटिव्ह’ आले. 2007 मध्ये द्रावणात थोडंसं अल्केनडायथायॉल नावाचं रसायन घालून 2.8 चे 5.5 टक्के झाले. लवकरच त्याची जागा डायआयोडोऑक्टेनने घेतली. ते फुलरीन विरघळवतं, पॉलिमर नाही. त्यामुळे पॉलिमर आधी घट्ट होतं आणि फुलरीन मागाहून फटींत बसतं. कल्पना सुरेखच. पण ॲडिटिव्ह या नावामुळे घोळ झाला. घडण सुधारून निघून जाणारा तो पाहुणा, असं गृहीत धरलं गेलं. डायआयोडोऑक्टेन उकळतं 300 अंशांच्या वर. साध्या वाळवण्याने ते पूर्ण जात नाही. मागे उरलेल्या अंशातला कार्बन-आयोडिन बंध अतिनील प्रकाशात तुटतो आणि सुटलेले रॅडिकल, म्हणजे अतिक्रियाशील तुकडे, थरालाच पोखरतात. उन्हात ठेवायच्या वस्तूसाठी हा दोष किरकोळ नाही. तरीही वर्षानुवर्षं पहिल्या दिवसाचा आकडाच मिरवला गेला, हे मला चुकीचंच वाटतं.

2015 नंतर फुलरीन मागे पडलं, 2019 मध्ये फुलरीनच्या जागी वापरलेल्या वाय-6 या रेणूने 15.7 टक्के गाठले आणि आता प्रयोगशाळेतले छोटे सेल 20 टक्क्यांपुढे गेले आहेत. तापवल्यावर उडून जाणारे घन ॲडिटिव्ह वापरात आलेत. काही ठिकाणी पुन्हा आधी दाता (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, जसं पॉलिमर), त्यावर ग्राही (इलेक्ट्रॉन घेणारा, जसं फुलरीन किंवा वाय-6) असा क्रम धरला जातो. दुसऱ्या थराचा द्रावक पहिल्याला थोडा फुगवतो आणि मिसळण सीमेपाशीच जास्त होते.