अल्फा-ग्लुकोसायडेज प्रतिबंधक औषधे

कर्बोदकांचे पचन लांबवून जेवणानंतरची रक्तशर्करा आटोक्यात ठेवणारी, प्रकार २ मधुमेहात पोटातून घ्यायची औषधे. अकार्बोज, व्होग्लिबोज आणि मिग्लिटॉल ही या गटातली तीन प्रमुख नावे. भारतात व्होग्लिबोज चांगले रुळलेले आहे; बरेचदा ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या इतर औषधांबरोबर एकाच गोळीत असते.

भात, भाकरी, साबुदाणा यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज हे विकर (एन्झाइम) त्यांचे तुकडे करते. मात्र आतड्यातून रक्तात जाते ती सुटी, एकेरी शर्कराच. शेवटची ही तोडणी लहान आतड्याच्या अस्तरावरची माल्टेज, सुक्रेज अशी विकरे (यांनाच अल्फा-ग्लुकोसायडेज म्हणतात) करतात, आणि ही औषधे नेमकी तिथेच विकराची जागा अडवतात. अडवणूक तात्पुरती असते. त्यामुळे एरवी आतड्याच्या सुरुवातीलाच उरकणारे पचन पुढच्या भागापर्यंत रेंगाळते आणि जेवणानंतर एकदम उसळणारी साखर सावकाश चढते. अकार्बोज अमायलेजलाही रोखते, व्होग्लिबोज रोखत नाही.

गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण झाल्यावर आठवण झाली, तर तिचा फारसा उपयोग उरत नाही. जेवण चुकले, तर गोळीही घ्यायची नाही.

अकार्बोज ॲक्टिनोप्लेनेस या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. बायर कंपनीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात ते शोधले आणि १९९० मध्ये जर्मनीत ते बाजारात आले. व्होग्लिबोज जपानमधील ताकेदा कंपनीचे, १९९४ चे.

साखर घटवण्याची यांची ताकद माफक आहे: तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी साधारण ०.५ ते ०.८ टक्के-अंकांनी उतरते. वजन मात्र वाढत नाही, आणि एकटे घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जात नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे सोबत असली की गोष्ट बदलते; साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली की आपल्या घरांत हात आधी साखरेच्या डब्याकडे जातो. इथे तोच उपाय तोकडा पडतो. साखर, गूळ, खडीसाखर, पेढा यांतले सुक्रोज फोडणारे विकर औषधानेच अडवलेले असते. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून द्यावी, कारण ग्लुकोजला पचनाची गरजच नसते. ती नसेल तर मध चालतो. त्यात सुटे ग्लुकोज असते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येक घरात ग्लुकोजचा पुडा हाताशी हवा, आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे. डॉक्टरांच्या घाईच्या भेटीत नेमके हेच सांगायचे राहून जाते.

रुग्ण औषध सोडतात ते बहुधा पोटाच्या तक्रारींमुळे. न पचलेली कर्बोदके मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि मग गुबारा धरणे, वारा सरणे, पातळ शौच असे त्रास होतात. लोकांत बसणे अवघड वाटते, आणि ही लाज लहानसहान नाही. मात्रा अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवली, तर आतडे बरेच सरावते. अकार्बोज सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. व्होग्लिबोजची नेहमीची मात्रा ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.

आतड्याचा दाहक विकार, आतड्यात अडथळा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असणाऱ्यांना ही औषधे देत नाहीत. यकृताचा सिरोसिस असल्यास अकार्बोज टाळतात. अकार्बोजच्या मोठ्या मात्रेने क्वचित यकृताची विकरे वाढतात, म्हणून पहिल्या वर्षात अधूनमधून रक्त तपासतात.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनाही अकार्बोज देऊन पाहिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉप-एनआयडीडीएम चाचणीत मधुमेह जडण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. चीनमध्ये हृदयविकार असलेल्या ६,५२२ जणांवरील एसीई चाचणीत (२०१७) नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण कमी झाले, पण हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत.